क्रीडा दिन दणक्यात कसा साजरा करावा

तुमच्या शाळेचा क्रीडा दिन गाजावा असं वाटतंय? मग माझं ऐका. १५ जानेवारीला, राज्य क्रीडा दिनी, लेकीच्या शाळेत सकाळपासून बाराच्या उन्हापर्यंत बसून आलेय, तेव्हा थोडाफार अधिकार आहे. पथ्य एकच पाळायचं: मुलं पळता कामा नयेत.

सुरुवात जूनपासून करावी. पीटीचा तास वेळापत्रकात हवाच, तपासणीला लागतो. फक्त त्या तासाला गणिताच्या बाई येतील.

पीटीच्या सरांना ऑनलाइन माहिती भरायला बसवा. गळ्यात शिट्टी राहू द्या, शोभते.

मैदान लग्नांना द्या. मंडपाचे खड्डे चुकवत मुलं प्रार्थनेला येतात, तेवढाच अडथळ्यांच्या शर्यतीचा सराव.

आता मुख्य कार्यक्रम. मुलांना साडेसातला बोलवा, पाहुण्यांना साडेनऊला. मधले दोन तास सावधान-विश्राम करण्यात मजेत जातात. मांडव व्यासपीठावर घाला, मुलांना ड जीवनसत्त्व मिळू द्या. मग दीपप्रज्वलन. वारा असतोच, ज्योत विझतेच, पुन्हा लावा, फोटोवाला 'परत एकदा सर' म्हणेल तेव्हा पुन्हा. स्वागतगीत, शाल, श्रीफळ, परिचय, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय. दुसरीतला एक मुलगा मटकन खाली बसला. त्याला ग्लुकोजचं पाणी पाजून परत रांगेत उभं केलं. शिस्त म्हणजे शिस्त. मग पाहुणे बोलायला उठले. चाळीस मिनिटं. विषय: मैदानी खेळांचं महत्त्व. म्हणे आजची पिढी मोबाइलमध्ये अडकलीय, मैदानावर येतच नाही. अहो, मैदानावरच आहे ती! तुमच्या नाकासमोर उभी आहे, तुम्ही खाली बसलात की पळेल! मग गाडी 'हॉकीचे जादूगार खाशाबा जाधव' यांच्यावर आली. टाळ्या. गोळेश्वरच्या त्या पैलवानाने १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ज्यांच्या जन्मदिवसासाठी हा सगळा थाट, त्यांचा खेळ कोणता हे तरी गाडीतून उतरण्याआधी कुणाला विचारायचं होतं! त्यांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. घर! इथे एका लग्नाचं भाडं सोडवत नाही.

आभारप्रदर्शन आटोपताना बारा वाजले. तिसरी-चौथीच्या शर्यती 'वेळेअभावी' रद्द. लेक तेव्हा फक्कीच्या रेषेवर उभी होती, बुटांच्या नाड्या दोनदा आवळून. तिथूनच परत फिरवलं. आणि निघताना प्रत्येकीच्या हातात प्रमाणपत्र: '५० मीटर धावणे, सहभागाबद्दल अभिनंदन'. नाव आधीच छापलेलं. रिक्षात तिने विचारलं, "आई, मी कधी पळाले?"

मोठ्यांसाठीही एक सल्ला आहे: बागेतल्या ओपन जिमवर पंचे छान वाळतात.

आणि आम्ही पालक काय करत होतो? खुर्च्या सावलीत ओढून रील काढत होतो. हॉकीच्या जादूगाराला टाळ्या मीही वाजवल्या, हातातली समोशाची बशी खाली ठेवून. पीटीच्या तासाला गणित घेतात हे काय आपल्याला आज कळलं? गेल्या पालकसभेत 'परीक्षा जवळ आलीय, जादा तास घ्या' असं आपणच सांगून आलो होतो. पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनतीची हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या पोरांना आठवड्याचे दोन तास होते, तेही आपण गिळले. वर ती थुलथुलीत झाली म्हणून डाएटवाल्या बाईंकडे नेतो. लाजा वाटू द्या जरा. एकानेही उठून 'भाषण पुरे, पोरांना पळू द्या' म्हटलं नाही, मीही नाही.

पन्नास मीटर होतं हो. बारा सेकंदांचं काम. चाळीस मिनिटांतून बारा सेकंद निघाले नाहीत?