वाफ घेतोयस का?

परवा रात्री मी डोक्यावर काळी चादर घेऊन, गुडघे टेकून, कॅमेरा काचेला चिकटवून बसलो होतो आणि मागून आवाज आला, "काय रे, वाफ घेतोयस का?"

वरच्या मजल्यावरचे काका. दार उघडं राहिलं होतं. आमच्याकडे दार उघडं राहिलं की काका येतात, पाणी जसं उताराकडे येतं तसं.

तर थोडक्यात, माझ्याकडे रीफ टँक आहे. खारं पाणी, कोरल म्हणजे प्रवाळ, दोन क्लाउनफिश, एक कायम रुसलेला गोबी मासा. मी एका अक्रोपोराचा, म्हणजे फांद्याफांद्यांच्या एका कोरलचा, फोटो काढत होतो. चादर अशासाठी की ती नसेल तर काचेत माझंच प्रतिबिंब पडतं. पहिल्या वर्षी मी पांढरा शर्ट घालून फोटो काढायचो, त्या सगळ्या फोटोंत प्रवाळाच्या मागे एक शांत पांढरा डोंगर दिसतो. तो मी.

या छंदातले लोक एक गोष्ट फार ठासून सांगतात, की रीफ ठेवणाऱ्याला फोटोग्राफी आपोआप येते. पेशन्स वाढतो म्हणे, नजर तयार होते, प्रकाश कळायला लागतो. मला दोन वर्षांत प्रकाशाबद्दल एवढंच कळलंय की तो निळा आहे. नुसता निळा नाही, साडेचारशे नॅनोमीटरच्या आसपासचा रॉयल ब्लू, कारण त्या प्रकाशात कोरलमधली प्रोटीन्स हिरवी, केशरी चमकतात आणि बघणारा माणूस ‘आहाहा’ म्हणतो. कॅमेरा म्हणत नाही. बायर नावाच्या माणसाला 1976 मध्ये रंग टिपायच्या ज्या रचनेचं पेटंट मिळालं तीच अजून बहुतेक कॅमेऱ्यांत आहे, चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. माझ्या टँकसमोर उभं केलं की तो एकटा निळा ठिपका कामाखाली चिरडला जातो आणि बाकीचे तिघं जवळजवळ रिकामे बसतात, अगदी आमच्या ऑफिससारखं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, कितीही सरकवा, कॅमेऱ्यातला आकडा बहुतेकदा दहा हजार केल्विनला थांबतो आणि माझे लाइट त्याच्या दुपटीच्या पुढे. म्हणून लेन्सवर केशरी फिल्टर. म्हणून रॉ फाइल, कॅमेऱ्याने रंगांना हात न लावलेली. म्हणून रात्री दीड वाजता कॉम्प्युटरपुढे बसून जांभळ्याला जांभळं करत बसायचं.

हे सगळं मी काकांना सांगितलं नाही. मी चादरीतूनच म्हटलं, "फोटो काढतोय काका."

"कशाचा?"

"या कोरलचा."

"हे जिवंत असतं?"

"हो."

"मग हलत का नाही?"

"पंप बंद केलाय."

"का?"

"हललं तर फोटो ब्लर येतो."

काका थोडा वेळ गप्प. मग सोफ्यावर बसल्याचा आवाज. मग, "म्हणजे ते जिवंत आहे हे दाखवायला तू फोटो काढणार, आणि त्यासाठी ते मेल्यासारखं दिसायला पाहिजे."

याला उत्तर नाहीये. मी दोन दिवस शोधतोय.

"आणि हे मासे का असे बघतायत तुझ्याकडे?"

हा खरा प्रॉब्लेम. खाणं घालताना मी पंप बंद करतो, त्यामुळे माशांनी पक्कं ठरवलंय की पंप बंद म्हणजे जेवण. पंप थांबला की दोघं क्लाउन बरोब्बर लेन्सपुढे येऊन कंबर हलवत उभे राहतात. मला मागचं कोरल हवं असतं, मॅक्रो लेन्सला जेमतेम काही मिलीमीटर फोकसमध्ये धरता येतात, आणि त्या मिलीमीटरात हे दोन चेहरे.

"भुकेले दिसतायत," काका म्हणाले. "खायला घाल की."

"खायला घातलं की पाणी गढूळ होतं."

"उपाशी ठेवून फोटो काढतोस?"

"काका, संध्याकाळीच घातलंय."

"त्यांना नाही वाटत तसं."

मग ते उठून वर गेले. मला वाटलं सुटलो. पाच मिनिटांत परत सोफ्यावर, हातात एक जुना, चपटा, सोललेल्या कोपऱ्यांचा डिजिटल कॅमेरा, मुलाने कधीतरी घेऊन दिलेला. मी सांगत होतो, काका फ्लॅश नको, काचेवरून उलटा येतो, आणि काचेसमोर सरळ उभं राहायला लागतं, तिरकं काढलं की काच आणि पाणी दोन्ही प्रकाश वाकवतात आणि सगळं पुसट येतं. काका सोफ्यावरून उठलेही नाहीत. तिरकेच. एका हातात. खटॅक.

एक फोटो काढला. एकच! माझे त्या रात्रीचे दोनशे चौदा झाले होते.

स्क्रीनवर बघितलं तर क्लाउन कडक उभा, खवला न् खवला मोजून घ्या, खराखुरा केशरी. फ्लॅश तिरका गेला म्हणून काचेवरून तिकडेच निघून गेला, पांढरा होता म्हणून निळ्याला पुरून उरला, आणि झेनॉनचा लखलखाट इतका क्षणभराचा असतो की मासा जिथल्या तिथे गोठला. 1926 मध्ये लाँगली आणि मार्टिन या दोघांनी फ्लोरिडाजवळ समुद्रात पाण्याखालचा पहिला रंगीत फोटो काढला तेव्हा त्यांनी एका तराफ्यावर मॅग्नेशियमची पावडर उडवली होती, कशासाठी, तर एका हॉगफिशसाठी. म्हणजे काकांची परंपरा जुनी आहे. भडका उडवा, मासा पकडा, घरी जा. मी आपला चादर घेऊन बसलोय.

बायको म्हणाली, "काका, हा मला पाठवा." माझे गेल्या दोन वर्षांतले सगळे फोटो तिच्या फोनवर आहेत, एकही वॉलपेपर झालेला नाही. काकांचा रात्रीच झाला.

बरं, मला राग फोटोचा नाही. थोडा आहे. पण जास्त राग याचा की या छंदात फोटो चांगला येणं म्हणजे टँक चांगला असणं असं सगळ्यांनी धरून चाललंय. फोटो बघून मी ज्या जांभळ्या कोरलचा तुकडा मागवला तो घरी आला तपकिरी. विचारलं तर उत्तर आलं, तुमचे लाइट बदला. म्हणजे मी कोरल विकत घेतलं नव्हतंच, कुणाचं तरी एडिटिंग विकत घेतलं होतं. एकदा कोरल आजारी पडलं म्हणून एका जाणकाराला फोटो पाठवला तर तो म्हणाला, हायलाइट्स, म्हणजे फोटोतले उजळ भाग, जळलेत. अरे, कोरल जळतंय, त्याचं काय?

तर रात्री काकांचा फोटो मी कॉम्प्युटरवर मोठा केला. चुका शोधायला, दुसरं काय. एका कोपऱ्यात काचेवर माझं प्रतिबिंब सापडलं, काळी चादर, त्यातून एक डोळा आणि अर्धी मिशी. ते बघून जरा बरं वाटलं. मग खाली नजर गेली. अक्रोपोराच्या बुडाशी पांढरा पट्टा. अंगठ्याएवढा. तिथे मांसच नव्हतं, नुसता सांगाडा. मी तेच कोरल महिनाभर रोज निळ्या प्रकाशात, केशरी फिल्टरमधून बघतोय, दोनशे चौदा वेळा तर त्याच रात्री बघितलं, आणि वरच्या चमचमाटात मला तो पट्टा दिसला नाही. फ्लॅशच्या साध्या पांढऱ्या उजेडात लगेच दिसला.

चादर बाजूला टाकली आणि टेस्ट किट काढलं. अल्कलिनिटी, म्हणजे कोरलला सांगाडा बांधायला लागणारी पाण्यातली क्षारता, गेल्या आठवड्यात साडेआठ होती, आता सहाच्या खाली. एक वाजता मी थेंब मोजत बसलो होतो, परत एकदा, चुकलं असेल म्हणून, आणि फोन वाजला. काकांनी तोच फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. खाली दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा प्रश्न, मासा छान आहे, पण मागे बुरख्यात कोण आहे?

त्याच्याखाली काका: "मालक. वाफ घेत होता."

आणि मला वेगळा मेसेज: "परत घेणार असशील तेव्हा सांग, बॅटरी चार्ज करून ठेवतो."