‘पेन्शनची तिजोरी रिकामी’ : एक खुलासा

निपाणी, खानापूर आणि बेळगाव परिसरातील मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे : ब्रिटनसारख्या श्रीमंत देशालाही वृद्धांना पेन्शन देणे परवडेनासे झाले असून तिजोरी आटल्यामुळे ते बंद पडणार, तेव्हा आपल्या संध्या सुरक्षेचेही (कर्नाटक सरकारच्या वृद्धांसाठीच्या पेन्शनचेही) तेच होणार. हा मजकूर दिशाभूल करणारा आहे.

मुळात आटावी अशी साठवलेली तिजोरी तिथे नाहीच. आज काम करणाऱ्यांच्या आणि त्यांच्या मालकांच्या वर्गणीतून आजच्या वृद्धांना पैसे दिले जातात, आणि तूट पडलीच तर सरकार करातून ती भरून काढू शकते. 1909 साली सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला 5 शिलिंगांपर्यंत रक्कम देऊन सुरू झालेले हे पेन्शन 2025-26 मध्ये पूर्ण दराने आठवड्याला 230.25 पौंड होते, आणि त्यावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 5 टक्के पडतो. इटली याहून कितीतरी मोठा वाटा खर्च करते. वृद्धांची संख्या वाढते आहे, ही चिंता खरीच. पण म्हणून पेन्शनचे वय किती ठेवायचे आणि कर कोणाकडून घ्यायचा हा राजकीय निर्णय ठरतो, दिवाळखोरी नव्हे.

राहिली संध्या सुरक्षा. 65 वर्षांवरील गरजूंना मिळणारे महिना 1200 रुपये कर्नाटक सरकारच्या अर्थसंकल्पातून येतात. विडीच्या पानांनी बोटे काळवंडलेली, पासबुक पदराखाली धरून पोस्टाच्या पायरीवर बसलेली आजी लंडनच्या हिशेबावर अवलंबून नाही.