बसतंय म्हणजे जुळतंय असे नाही

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभ्या राहणाऱ्या पोराला पहिल्याच महिन्यात एक गोष्ट कळते. बोल्ट नटात शिरला म्हणून तो त्या नटाचाच असतो असे नाही. एम१० चा, म्हणजे दहा मिलिमीटर जाडीचा बोल्ट दीड मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) मिळतो आणि सव्वा मिलिमीटरचाही. चुकीची जोडी एखाद-दोन फेरे बिनबोभाट फिरते, मग अडते, आणि त्यावर पाना लावून जोर केला की दोन्हीकडचे आटे जातात. वीस वर्षे हे काम करूनही भाच्याचा गेमिंगचा संगणक जुळवताना मी हीच चूक केली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

भाच्याने दुकानातून आणलेल्या कोटेशनवर पाच ओळी होत्या: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आणि ५०० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. माझे स्पष्ट मत असे आहे की हे कोटेशनच नव्हे. बी४५० हे चिपसेटचे, म्हणजे मदरबोर्डवरच्या नियंत्रक चिपचे नाव आहे, बोर्डाचे नाही. त्या चिपसेटवर अनेक कंपन्यांनी डझनावारी बोर्ड काढले आहेत. बोर्ड नेमका कुठला, असे विचारल्यावर दुकानदार म्हणाले, “कुठला बी असू दे की, चालतंय.” मीही मान डोलावली.

घरी सगळे जोडले, पंखे फिरले, दिवे लागले आणि पडदा काळाच राहिला. दुकानाचे म्हणणे, प्रोसेसर खराब आहे. प्रोसेसर ठणठणीत होता. बी४५० बाजारात आला २०१८ साली आणि रायझन ५ ५६०० आला २०२२ साली. दोघांचे सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची खोबण, एएम४ हेच असल्यामुळे प्रोसेसर अलगद बसतो, पण बोर्डाचा डबा बरेच दिवस गोदामात पडून असेल तर त्यातल्या बायोसला, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमला, या प्रोसेसरची ओळखच नसते. शेवटी एका मित्राने जुना रायझन ५ २६०० चार दिवसांसाठी दिला, तो लावून बायोस अपडेट केले आणि मग ५६०० विनातक्रार सुरू झाला. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक मॉडेलची प्रोसेसर-यादी असते आणि कुठला प्रोसेसर बायोसच्या कितव्या आवृत्तीपासून चालतो, हे त्यात लिहिलेले असते. पण ती यादी उघडायची तर मॉडेलचे पूर्ण नाव हवे, आणि कोटेशनमध्ये नेमके तेच नव्हते. सुटे भाग जुळतात का हे सांगणारी संकेतस्थळे आहेत, ती वापरावीतही. मात्र दुकानाच्या फळीवरचा डबा किती जुना आहे, हे त्यांना कसे दिसणार?

रॅमच्या बाबतीत निदान पट्टीवरची खाच तरी आपली राखण करते. जुन्या डीडीआर४ पिढीची पट्टी नव्या डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये जातच नाही. घोळ होतो तो खरेदीत, कारण इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही प्रकारची रॅम घेतात आणि बोर्ड मात्र बहुधा एकाच प्रकारचा असतो. रायझन बनवणाऱ्या एएमडीच्या एएम५ या नव्या सॉकेटवर हा प्रश्नच येत नाही, तिथे फक्त डीडीआर५. एम.२ एसएसडीला, म्हणजे माहिती साठवणाऱ्या छोट्या पट्टीला, अशी राखण नाही. तिच्यात साटा आणि एनव्हीएमई अशा जोडणीच्या दोन पद्धती असतात. साटा पद्धतीची एसएसडी केवळ एनव्हीएमई घेणाऱ्या स्लॉटमध्ये स्क्रू आवळून व्यवस्थित बसते आणि संगणकाला दिसत नाही.

खरी काळजी एसएमपीएसची. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, ५६०० हा ६५ वॅटच्या वर्गातला प्रोसेसर आहे, म्हणजे ५०० वॅट हा आकडा कागदावर भरपूर आहे. परंतु प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ही दोन्ही मंडळी मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर जगतात, आणि डब्यावरचा मोठा आकडा त्या लाइनबद्दल काही सांगत नाही. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एक एसएमपीएस माझ्याकडे पडून आहे. त्यावर ४५० वॅट छापले आहे आणि लेबलावर १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर. गुणाकार करा, १९२ वॅट होतात. मोटर घेताना नेमप्लेट वाचणारे आपण इथे स्टिकरच्या रंगावर विश्वास ठेवतो.

त्याहून घातक गोष्ट मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या काढता-लावता येणाऱ्या एसएमपीएसच्या वायरींची. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम कंपनीगणिक, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही, वेगळा असतो. जुनी वायर नव्या एसएमपीएसमध्ये टक् आवाज करून बसते आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात. एका मित्राच्या दोन हार्ड डिस्क अशाच गेल्या, आणि त्यात लग्नाचे फोटो होते.

दुकानदारांवर सगळे खापर फोडणे मला पटत नाही. गिऱ्हाईक आत शिरल्याबरोबर “एकूण किती?” एवढेच विचारते आणि दोनशे रुपयांसाठी दुसऱ्या दुकानात जाते, मग मॉडेलचे नाव लिहून देण्याची तसदी कोण घेईल? पण लिहून मागावे. प्रत्येक ओळीत कंपनी आणि पूर्ण मॉडेल, आणि बोर्डासमोर “या प्रोसेसरसाठी बायोस अपडेट करून” एवढे शब्द. ज्यांना हे लिहायचे नाही, त्यांच्याकडून बोर्ड घेऊ नये.

कॅबिनेट निवडताना मात्र आम्हीच चुकलो. प्रोसेसर थंड ठेवणारा कुलर १६० मिलिमीटर उंच आणि कॅबिनेटमध्ये जागा १५५, त्यामुळे बाजूची काच बसेना. भाचा म्हणाला, “मामा, पाच मिलिमीटरच हाय की, लेथवर उडवूया.” वर डोकावणारी तांब्याच्या नळ्यांची टोके मी त्याला दाखवली. त्या नळ्या पोकळ असतात, आतली हवा काढून थोडे द्रव भरून टोके बंद केलेली असतात, आणि ते द्रव उकळून-निवून उष्णता वर नेत असते. टोक कापले की कुलर संपला. आता काच पलंगाखाली आहे, संगणक उघडाच चालतो, आणि बुटका कुलर कुठला घ्यायचा यावर भाचा तीन मॉडेलांची पूर्ण नावे, उंचीसकट, लिहून माझ्यापुढे बसला आहे.