बटण मोठं करा, ताबडतोब

ड्रम सिक्वेन्सर, म्हणजे आधी रचलेले ठेके वाजवणारं सॉफ्टवेअर, बनवणाऱ्यांना सुधारणा सुचवायच्या म्हणता? उत्तम. १९५६ पासून निवेदनं देणाऱ्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्याला हे शिकवायची काय गरज! 'वरील विषयास अनुसरून' इथून सुरुवात करा, फक्त वर विषय लिहू नका.

आवृत्तीचा क्रमांक तर मुळीच देऊ नका. विंडोज की आयपॅड, ऑडिओ इंटरफेस (आवाज बाहेर काढणारी पेटी) कुठला, बफर (वाजण्याआधी साठवला जाणारा आवाजाचा तुकडा) किती, हेही गुपितच राहू दे. 'लाइव्हला फार त्रास होतो' एवढ्यात समजून घेतील की. एकाच पत्रात पंधरा-वीस मागण्या कोंबा, म्हणजे सगळ्यात सोपी तेवढी उचलून, पडद्याचा रंग बदलून, ते मोकळे होतील.

म्यूट आणि सोलोचंच घ्या. दोन्ही बटणं एकमेकांना खेटून, तीही बोटाच्या पेरापेक्षा बारीक. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॉली खड्ड्यात आदळते, गुलाल-घामाचं बोट सरकतं, ढोलकी म्यूट व्हायच्या जागी झांज सोलो होते आणि बाकी सगळा ताफा गप्प. सोलो दाबून धरल्यावरच लागावा आणि दोन बटणांत रिकामी जागा असावी, असं कळवलं तर काम होण्याचा धोका आहे. त्यापेक्षा नुसतं 'बटण मोठं करा' लिहा. सगळीच बटणं मोठी होतील, आठपैकी पाच ट्रॅक (एकेका वाद्याच्या ओळी) पडद्यावर मावतील आणि उरलेल्या तिघांसाठी भर चौकात स्क्रोल करत बसा.

पॅटर्न, म्हणजे रचलेला ठेका, बदलण्याचंही तसंच. मंडळाचे अध्यक्ष हात वर करून 'आता फास्ट!' म्हणतात, तुम्ही पुढचा पॅटर्न दाबता, आणि चालू असलेला चार बारचा (आवर्तनांचा) पॅटर्न संपल्याशिवाय तो हलत नाही. १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांच्या वेगाला, चार मात्रांचे चार बार म्हणजे ८ सेकंद. अध्यक्षांचा हात तोवर वरच. हवं असतं ते हे: पुढच्या मात्रेला, बारच्या शेवटी की पॅटर्नच्या शेवटी बदलायचं याची निवड, आणि रांगेतला पॅटर्न लुकलुकणारा. हे कशाला सांगता? 'लगेच बदलत नाही' म्हणा. मग तो खरंच लगेच बदलेल, मात्रेच्या अधेमध्ये, नाचणाऱ्यांचा पाय हवेत असताना.

हलगीचा सहाचा ठेका सोळा स्टेपच्या (घरांच्या) चौकटीत बसत नाही, ही तक्रार रास्त आहे. सहा मात्रा, प्रत्येकीचे दोन भाग, म्हणजे बारा स्टेप. ट्रॅकची लांबी बारावर आणता येते खरी, पण झांज सोळावरच राहिली तर दोघांची सम ४८ स्टेपनंतर जुळते. तेव्हा एका खटक्यात सगळ्या ट्रॅकची लांबी बदलणारं बटण मागावं, सोबत दोन ओळींचा नमुना जोडावा. तुम्ही मात्र 'आमचा ताल बसत नाही' लिहून संस्कृतीवर दोन परिच्छेद खर्च करा. उत्तरात स्विंगची (ठेक्याला झोल देण्याची) टक्केवारी वाढवून बघा असं येईल.

'आवाज उशिरा येतो' ही तक्रार ठळक अक्षरांत हवी. ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ नमुन्यांचा (सॅम्पल्सचा) बफर एकटाच २३ मिलिसेकंद खातो, १२८ केला की ३ वर येतो. पण फार खाली आणला तर जुना लॅपटॉप कटकट आवाज काढतो. शिवाय स्पीकर दहा मीटर मागच्या गाडीवर असेल तर निव्वळ हवेतच २९ मिलिसेकंद जातात. यातलं काही मोजू नका. दोष सॉफ्टवेअरचाच.

'सेव्ह करायचं का?' ही चौकट ठेका चालू असताना पडदा अडवते, त्याबद्दल एक शब्द नको. तिची सवय होते म्हणे.

पत्र पाठवायचं अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री, 'अर्जंट' लिहून. नवी आवृत्ती आलीच तर विसर्जनाच्या सकाळी जनरेटरवर टाका. प्रोजेक्टची जुनी प्रत काढून ठेवू नका; नव्यात सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत बहुधा उघडत नाही, हे कपिलेश्वर तलावाच्या वाटेवर कळलेलं बरं.