दांगोतेंच्या गोळ्या-चॉकलेटवाल्या मेसेजबद्दल

मंडळी, कालपासून ग्रुपवर फिरतंय ना ते, की नायजेरियाचे अलिको दांगोते झोपडपट्टीत जन्मले, शाळा सोडून रस्त्यावर गोळ्या विकल्या आणि आज आफ्रिकेतले सगळ्यात श्रीमंत, ते मीपण न बघता पुढे ढकललं होतं, सॉरी.

गोळ्यांचं खरंय, ते त्यांनीच मुलाखतीत सांगितलंय, पण शाळेत असताना, खोक्यानं घेऊन नफ्यासाठी विकायचे, पोटासाठी नाही. जन्म १९५७चा, कानो शहरातला, आणि आजोळ म्हणजे दांताता घराणं! आईचे आजोबा अल्हसन दांताता शेंगदाणा आणि कोला (चघळायच्या बिया, पेय नव्हे) यांच्या व्यापारातले, त्या काळी पश्चिम आफ्रिकेतले बडे धनाढ्य. शिक्षणही झालंय, कैरोच्या अल-अझहर विद्यापीठात. १९७७च्या सुमारास आजोळच्याच माणसांकडून कर्ज घेऊन सिमेंट, साखर, तांदळाचा व्यापार सुरू केला, आणि मग आयात करण्यापेक्षा इथंच बनवू म्हणत नायजेरियातल्याच ओबाजानाला सिमेंटचा कारखाना टाकला, पुढे लागोसजवळ दिवसाला साडेसहा लाख बॅरलची रिफायनरी. हे काय कमी आहे का, त्याला झोपडपट्टी कशाला चिकटवायची?

तो मेसेज आता पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवलाय त्यांना हा टाका.