‘दूध सोडलं की मराठी स्वयंपाक संपला’ म्हणे! त्या फॉरवर्डला उत्तर

गेले आठ दिवस फॅमिली ग्रुप, सोसायटीचा ग्रुप आणि आमच्या नाशिकच्या सातपूरमधल्या कंपनीतल्या जुन्या दोस्तांचा ग्रुप, तिन्हीकडे एकच मेसेज फिरतोय, ‘व्हीगन फॅडपासून मुलांना वाचवा’ (व्हीगन म्हणजे दूध-अंडी-मांस, प्राण्यांपासूनचं काहीच न खाणारे). आमच्या मोठ्या साडूंनी, म्हणजे अण्णांनी, तो टाकून खाली मला टॅग पण केलं, कारण आमच्या लेकीने दीड वर्षापूर्वी दूध-दही-तूप सगळं बंद केलंय आणि मी रिटायर झाल्यापासून सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आहे हे अख्ख्या खानदानाला माहितीये. अण्णा, तुम्ही वडीलधारे, ग्रुपवर वाद नको म्हणून गप्प बसलो होतो, पण काल तोच मेसेज माझ्या मावशीने लेकीला थेट पाठवला आणि ती बिचारी रडकुंडीला आली, म्हणून आता लिहितो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: हे परदेशी खूळ आहे, दुधाशिवाय मराठी स्वयंपाक होतच नाही, दुधाशिवाय कॅल्शियम मिळत नाही, दूध पचत नाही म्हणणारे नाटकं करतात, सोयाने पोरं बायकी होतात, बदामाचं दूध तीनशे रुपये लिटर म्हणजे श्रीमंतांचे चोचले, नवशिक्यांची व्हीगन पुस्तकं म्हणजे पैसे पाण्यात, आणि बी-12 जीवनसत्त्व कुठून आणणार. यातला एक मुद्दा एकदम खरा आहे, तो शेवटी घेतो.

पहिलं, मराठी स्वयंपाकाचं. अण्णा, मागच्या मंगळवारी तुम्ही आमच्याकडेच जेवलात. बाजरीची भाकरी, डाळ घालून मेथी, वांग्याचा काळ्या मसाल्याचा रस्सा, खुरासणीची (म्हणजे कारळ्याची) चटणी, कांदा. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्यात, ही साक्षीला आहे. त्यात दुधाचा एक थेंब नव्हता आणि तुम्हाला कळलंही नाही, कारण त्यात कधी नसतोच! आपला रस्सा उभा राहतो तो शेंगदाण्याच्या कुटावर, भाजलेल्या सुक्या खोबऱ्यावर, तिळावर, पेठ-सुरगाण्याकडून येते त्या खुरासणीवर. पंजाबी ढाब्याची ग्रेव्ही क्रीम-बटरशिवाय होत नसेल कदाचित, पण आपलं घरचं जेवण म्हणजे पनीर बटर मसाला कधीपासून झालं?

आणि मिसळ घ्या, नाशिककराला अजून काय पुरावा पाहिजे. मोडाची मटकी, काळा रस्सा, शेव, कांदा, कोथिंबीर, लिंबू. दह्याची वाटी बाजूला येते ती बाजूलाच ठेवायची, बास. पावाचं मात्र विचारून घ्या, साधा पाव मैदा-यीस्ट-मीठ-साखर-तेलाचा असतो पण काही ठिकाणी दुधाची पावडर पडते आणि भाजताना बटर लावतात. उपासालासुद्धा भगर आणि शेंगदाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, फक्त तुपाच्या जागी शेंगदाण्याचं तेल घाला की झालं.

हां, श्रीखंड, बासुंदी, पेढा, कढी, पुरणपोळीवरची तुपाची धार, हे दुधाचंच आणि ते गेलं की चुकल्यासारखं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण ते सणावाराचं. आमच्या आजोळी सिन्नरकडे म्हैस होती, दूध सकाळीच डेअरीला जायचं, आम्हा पोरांच्या वाट्याला ताक, आणि तेही पाहुणे आले की पातळ व्हायचं. ‘घरोघरी दुधातुपाच्या नद्या’ वाल्या मेसेजची मला गंमत वाटते, त्या नद्या नक्की कोणाच्या घरातून वाहत होत्या देव जाणे.

‘परदेशी खूळ’ म्हणाल तर व्हीगन हा शब्द परदेशी आहे हे खरंय, 1944 ला इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या साथीदारांनी तो काढला. पण दूध सोडायचा विचार आपल्याकडे कोणाला सुचलाच नव्हता असं नाहीये. गांधीजींनी 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत, टॉलस्टॉय फार्मवर असताना दूध सोडलं होतं. पुढे 1918 मध्ये फार आजारी पडले तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं की तुमचा नेम गाई-म्हशीच्या दुधाचा, शेळीचं तर चालेल, आणि त्यांनी ते घेतलं, नंतर आत्मचरित्रात त्याची टोचणीही लिहून ठेवली. म्हणजे हे उदाहरण दोन्ही बाजूंनी वापरता येतं, मला माहितीये, वापरा.

कॅल्शियम. इथे मेसेजवाल्याने नागली, म्हणजे नाचणी, हा शब्दच ऐकला नसावा, नाशिक जिल्ह्यात राहून हे म्हणजे कमाल आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात 100 ग्रॅम नागलीत साधारण 360 मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, गाईच्या 100 ग्रॅम दुधात 120 च्या आसपास. आता लगेच ‘तिप्पट!’ म्हणून उड्या मारू नका, हे पण फॉरवर्डच होईल, कारण पीठ कोरडं असतं आणि दूध म्हणजे बहुतेक पाणी, तुलना ताटात काय पडतं त्याची करायची. एका भाकरीला पन्नास-साठ ग्रॅम पीठ जातं, म्हणजे दोनेकशे मिलिग्रॅम, जवळपास एका पेल्या दुधाइतकं. पांढऱ्या तिळात 100 ग्रॅमला बाराशेच्या वर असतं पण तीळ कोणी शंभर ग्रॅम खात नाही, दोन चमचे चटणीतून गेले तर सव्वाशे धरा. वरून राजगिऱ्याची भाजी, शेवग्याचा पाला. मोठ्या माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम लागतं असं 2020 पासून सांगतात, आधी 600 होतं. आणि हेही सांगतो, कागदावरचं सगळं अंगी लागत नाही, पालकातलं तर त्यातल्या ऑक्सलेटमुळे, ते कॅल्शियमला धरून ठेवतं, फारच थोडं मिळतं, त्यामुळे ‘पालक खा, दूध विसरा’ सांगणारे व्हीगन लोकही तितकेच चुकतात. नागली भिजवून मोड आणून पीठ केलं तर जास्त बरं, आणि त्याची आंबील काय लागते!

दूध पचत नाही हे नाटक नाहीये. लहानपणी दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम पोटात भरपूर असतं, मोठेपणी बऱ्याच लोकांत ते कमी होतं, जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांचं असंच आहे. काहींना गॅस, काहींना सरळ संडास, काहींना एक कप चालतं आणि दोन नाही. दह्यात विरजणामुळे लॅक्टोज थोडं कमी होतं म्हणून काहींना दही चालतं आणि दूध नाही. पण मेसेजमध्ये जो उपाय दिलाय ना, ‘लॅक्टोज फ्री दूध घ्या, संपला विषय’, तो धोक्याचा आहे. ते दूधच असतं, फक्त त्यातली साखर आधीच फोडलेली. ज्याला दुधाच्या प्रोटीनची ॲलर्जी आहे त्याला ते पाजलं तर अंगावर पित्त उठण्यापासून श्वास अडकण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. ॲलर्जी वेगळी, न पचणं वेगळं. तसंच पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे दूध नाही असंही नाही, हिरव्या ठिपक्यात दूध बसतं. व्हीगनचं चिन्ह वेगळं आहे, हिरवा इंग्रजी व्ही आणि त्यावर छोटं पान, 2022 च्या नियमांपासून. आणि ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या क्रीमर पावडरीत केसिनेट, म्हणजे दुधाचंच प्रोटीन, असू शकतं, त्यामुळे पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचायची, चष्मा लावून.

सोया आणि पुरुषपणा: माणसांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा टेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे पुरुषी हार्मोनमध्ये, फरक दिसला नाही. लासलगावला कांद्यासारखा सोयाबीनचाही लिलाव होतो, तिथल्या शेतकऱ्यांना जाऊन सांगा की तुम्ही बायकी झालात, मी लांब उभा राहून बघतो. एवढंच की सोयाचं दूध नीट उकळा. ते लवकर फसफसून वर येतं, आपल्याला वाटतं उकळी आली, आणि आत अजून कच्चं असतं. मी पहिल्यांदा तिथेच गॅस बंद केला आणि दोघांची पोटं बिघडली. फेस खाली बसवून पुढे दहा-पंधरा मिनिटं उकळायचं.

आता पैशाचं. बदामाचं पाकीट महाग आहे, शंभर टक्के मान्य, पण घ्यायला कोणी सांगितलंय? आमच्याकडे रविवार कारंजावरून आणलेले शेंगदाणे चालतात. वाटीभर दाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी चोळून सालं काढायची, तीन वाट्या पाणी घालून मिक्सरला एकदम बारीक, आणि जुन्या धुतलेल्या धोतराच्या फडक्यातून पिळायचं. ते दूध सतत ढवळत दहा मिनिटं उकळायचं, तळाला लागतं हां, माझं एक पातेलं कामातून गेलंय. मग कोमट होऊ द्यायचं, बोट बुडवून सहन होईल इतकं, आणि विरजण म्हणून हिरव्या मिरच्यांची टोपीसकट पाच-सहा देठं टाकायची. हो, मिरचीची देठं. ही म्हणाली तुम्हाला उन्हाळा लागलाय. पण देठांवरच दही लावणारे जंतू असतात आणि रात्रभरात ते घट्ट होतं. पहिलं जरा वासट लागतं, त्यातलं चमचाभर घेऊन दुसरं लावलं की छान. डिसेंबरात लावलं तेव्हा सकाळी नुसतं पाणी, निफाडला पारा पाच-सहावर अन माझं दही कट्ट्यावर उघडं, जमणार कसं, मग पातेलं तांदळाच्या डब्यात पुरलं तेव्हा लागलं. शेंगदाण्याची चव राहते त्यात, राहणारच, पण जिरं, मिरची, कोथिंबीर घालून मठ्ठा केला की जेवणात खपतो. खर्च म्हशीच्या दह्यापेक्षा कमी.

पुस्तकाचं मेसेजवाल्याचं अर्धं खरंय. लेकीने सुरुवातीला इंग्रजी पुस्तक आणलं, नवशिक्यांसाठीच म्हणून, पहिल्याच पदार्थाला चौदा जिन्नस. न्यूट्रिशनल यीस्टसाठी मी कॉलेज रोड पालथा घातला, आणि शेवटी ‘टॅपिओका स्टार्च’ बघून घाबरलो तर ते निघालं आपल्या साबुदाण्याचं पीठ! पण म्हणून सगळी पुस्तकं टाकाऊ होत नाहीत. त्याच पुस्तकाने मला हे शिकवलं की लोण्यात साधारण ऐंशी टक्केच फॅट असतं, म्हणून केकला 100 ग्रॅम बटर लिहिलं असेल तर 80 ग्रॅम तेल आणि थोडं पाणी, मी शंभरला शंभर तेल ओतायचो आणि केक हाताला चिकटायचा. ताकाच्या जागी सोया दुधात लिंबू पिळायचं, सोडा त्यावर काम करतो. असं ‘का’ सांगणारं पुस्तक असेल तर घ्या. दुकानात उभ्या उभ्या कुठलेही दहा पदार्थ उघडायचे आणि मोजायचं, किती आपल्या बाजारातून होतील, सहाच्या खाली असेल तर परत ठेवा. मापं ग्रॅममध्ये असतील तर उत्तम, कारण अमेरिकन कप 240 मिलीचा आणि आपली वाटी प्रत्येक घरची वेगळी.

आता बी-12. इथे मेसेज बरोबर आहे आणि मी वाद घालणार नाही. भाजीपाल्यातून, डाळींतून, नागलीतून ते भरवशाचं मिळत नाही, ते जंतू तयार करतात, आणि दूध-अंडी-मांस सगळं सोडलं तर गोळी किंवा बी-12 घातलेले पदार्थ घ्यावेच लागतात. ‘न धुतलेली भाजी खा, मातीतून मिळेल’ असं सांगणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी लागू नका. बी-12 वेगळं काढता आलं 1948 मध्ये, त्याच्या आधीच्या माणसांना ही सोय नव्हती, आपल्याला मेडिकलमध्ये मिळते. लेक डॉक्टरांना विचारून घेते, रक्त तपासते, गोळ्यांची पट्टी फ्रीजवर चुंबकाने लावलीये. आणि गंमत म्हणजे दूध पिणाऱ्या पण मांस न खाणाऱ्यांतही बी-12 कमी असणारे भरपूर निघतात, अण्णा, तुम्ही पण एकदा करून घ्या टेस्ट, पायाला मुंग्या येतात म्हणत होतात ना. बाळांना आणि गरोदर बायकांना काय द्यायचं ते मी किंवा हा मेसेज सांगू नये, डॉक्टरांचं ऐकायचं.

राहिला चहा. मेसेजमध्ये नाही पण तुम्ही फोनवर विचारलंत म्हणून. शेंगदाण्याचं दूध घालून केला, दाण्याच्या आमटीसारखा लागला. सोयाचं उकळत्या चहात ओतलं तर फाटलं, मग गॅस बंद करून आधी दूध गरम, त्यावर चहा हळूहळू गाळला, आलं-गूळ कमी, तेव्हा फाटलं नाही पण सोयाचा तो वास राहतोच. ओटचं उकळलं की पेजेसारखं चिकट होतं. नारळाचं घातलं तर वाटतं कोकणात कोणीतरी चहा पिताना रडलंय. लेक आता कोरा पिते, गवती चहा घालून. मी सकाळी साडेसहाला पिशवी फोडतो, म्हशीची, आणि एक कप घेऊन बाल्कनीत बसतो, ती उठायच्या आधी.