सिझर, बाळाचे जंतू आणि तुमचा राग

ताई, तुमच्या कमेंटमधला राग थोडक्यात असा की सिझरच्या बाळांच्या पोटात चांगले जंतू कमी असतात असं लिहून मी सिझर झालेल्या आयांना अपराधी वाटायला लावलं, ओडिशाचा प्रोबायोटिकचा (म्हणजे औषध म्हणून दिलेल्या चांगल्या जिवंत जंतूंचा) अभ्यास सांगितला पण 'मग द्या सगळ्या बाळांना' असं म्हणायला कचरलो, आणि आपल्याकडच्या गुटीचं, मधाच्या बोटाचं नावही काढलं नाही. तिन्हीवर बोलतो, पण पहिल्यावर जास्त.

फरक असतो, ते लपवून कुणाचं भलं होणार नाही. २०१९ साली ब्रिटनमधल्या ५९६ बाळांच्या शीचा अभ्यास छापून आला (हो, शीच, या विषयातलं बहुतेक सगळं तिथूनच कळतं). नॉर्मल झालेल्या बाळांत आईकडून आलेले बॅक्टेरॉइड्ससारखे जंतू भरपूर, सिझरवाल्यांत ते कमी आणि हॉस्पिटलात वावरणारे एन्टरोकॉकस, क्लेबसिएला जास्त. इथपर्यंतचं सगळं व्हॉट्सॲपवर फिरतं, पुढचं फिरत नाही. पुढचं असं की वरचं खाणं सुरू झाल्यावर, सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान, हा फरक बऱ्यापैकी भरून निघाला. आणि नॉर्मल बाळांतले हे जंतू मुख्यतः आईच्या आतड्यातले होते, जन्ममार्गातले नाहीत. हे महत्त्वाचं, कारण २०१६ मध्ये एका छोट्या प्रयोगात सिझरच्या चार बाळांना आईच्या योनीस्रावात भिजवलेल्या गॉजने पुसलं होतं आणि ते वाचून लोक स्वतःहून तसं करायला लागले, शेवटी अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेला २०१७ मध्ये सांगावं लागलं की संशोधनाबाहेर हे करू नका, हर्पिस किंवा ग्रुप बी स्ट्रेपसारखं इन्फेक्शन बाळाला जाऊ शकतं.

डेन्मार्कमध्ये ७०० मुलांवर लक्ष ठेवलं होतं, तिथे सिझरच्या मुलांपैकी दम्याचा धोका वाढलेला दिसला तो ज्यांचे जंतू वर्षाचं होईपर्यंतही सिझरच्या वळणाचेच राहिले होते त्यांच्यात. बाकीच्यांत नाही. म्हणजे जन्माचा दिवस हा निकाल नव्हे, मधलं वर्ष पडलेलं असतं. आता यात आईचा दोष कुठे येतो? बीपी वाढलं, बाळाचे ठोके पडले, कापायचा निर्णय डॉक्टरांनी घेतला आणि तो घेतला म्हणून दोघं घरी आली. कापायच्या आधी आईला अँटिबायोटिक देतात त्याने तिचं इन्फेक्शन निम्म्याहून कमी होतं, बाळाच्या जंतूंच्या काळजीपोटी ते थांबवा असं कुणी शहाणा म्हणणार नाही.

रागवायचंच तर दुसरीकडे रागवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशभरातल्या खाजगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने, सरकारीत १४.३. सगळा फरक पैशासाठी असं मी म्हणत नाही, पण सगळा गरजेपोटी असंही कुणी मला पटवू नये. त्याच सर्वेक्षणात जवळपास ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं फक्त ४२ टक्क्यांच्या आसपास! आईच्या दुधात अशा साखरी असतात ज्या बाळाला पचतच नाहीत, त्या बाळाच्या पोटातल्या बिफिडोबॅक्टेरिया या चांगल्या जंतूंचं खाणं आहेत. सिझरमध्ये बहुतेक वेळा पाठीत इंजेक्शन देतात, आई जागी असते, नर्सने हात दिला तर तासाभरात पाजता येतं. पण बाळ बाहेर नातेवाइकांकडे, कुणीतरी पावडरचा डबा आणलेला, चीक कुठे आणि काय. हे सुधारता येतं म्हणून मी लिहिलं, कुणाला दोष द्यायला नाही.

आता ओडिशा. ४,५५६ बाळं, खेड्यांतली, अंगावर पिणारी, दोन किलो किंवा त्याहून जास्त वजनाची. लॅक्टोबॅसिलस प्लँटेरम नावाच्या जंतूची एक ठरावीक जात आणि तिच्याबरोबर तिचं खाद्य, सात दिवस. दोन महिन्यांत सेप्सिस (अंगभर पसरलेलं गंभीर इन्फेक्शन) किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं. मोठी गोष्ट आहे, मी तिचा चाहता आहे. पण ती जात पुष्कळ जाती तपासून निवडलेली होती, मेडिकलमधलं प्रोबायोटिक बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी असतं, क्लॉसाय नाहीतर बुलार्डी नावाचं, कुठल्यातरी गोळीने ताप उतरला म्हणून हातात येईल ती गोळी देण्यातला हा प्रकार. आणि दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांचं तर वेगळंच, २०२३ मध्ये अमेरिकेत अशा एका बाळाचा प्रोबायोटिकमधल्याच जंतूच्या इन्फेक्शनने मृत्यू झाल्यावर तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने डॉक्टरांना इशारा दिला. म्हणून सरसकट 'द्या' मी लिहिणार नाही. तुमच्या बाळाच्या डॉक्टरांनी बघून काही दिलं असेल तर ते चालू ठेवा, माझं वाचून बंद करू नका.

गुटीचं म्हणाल तर आज्या द्यायच्या, मुलं मोठी झाली, खरंय, जी झाली ती आपल्याला दिसतात. सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको असं डॉक्टर सांगतात त्यात वेखंड, जायफळही आलं, आणि ती सहाण उकळून कोण घेतं सांगा. मध मात्र वर्षाच्या आत अजिबात नाही, बारशाला चाटवण्यापुरताही नाही. त्यात बोट्युलिनम या विष तयार करणाऱ्या जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या आतड्यात त्यांना डोकं वर काढू न देणारे जंतू भरलेले असतात, तुमच्या-माझ्या बाळाच्या आतड्यात ते अजून पुरेसे आलेले नसतात, मग बाळ सिझरचं असो की नॉर्मल.